आमची मावशी : शेजारधर्माचा एक धडा
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं देवळाचा पाया घालणाऱ्यांचें आणि येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचें स्मरण झालें, तें उचितच झालें. परंतु ज्यांचें नांव कोणत्याहि कोनशिलेवर कोरलेलें नाहीं, अशांपैकीं एकीविषयीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हां भाचरांस झाली आहे. आमची मावशी केवळ आमचीच नव्हती. सगळा गांव तिला मावशीच म्हणे.

तिची सेवा शेजाऱ्याच्या उंबऱ्यापासून सुरू झाली. कोणाच्या घरीं बाळंतीण असली कीं पहाटे पेज घेऊन ती हजर. कोणी अत्यवस्थ झाला कीं धर्मगुरूंस निरोप धाडणें, रात्र जागवणें, रोझरी सांगणें हीं कामें तिचीं. मयताच्या घरीं चूल पेटत नाहीं, म्हणून तेथें जेवण पोंचविणें हें तर ती आपलें ठरलेलेंच काम समजे. स्वतःची मिळकत म्हणावी तर एक लहानशी वाडी : थोडीं केळीं, पानवेली आणि मोगरा. पहाटेच्या गाडीनें टोपली मुंबईस न्यावी, विकून दुपारीं परतावें आणि मग गांवाच्या कामास लागावें, असा तिचा दिवस होता.

अशी सेवा करणाऱ्या माउल्या प्रत्येक गांवीं असतात. आमच्या मावशीचें विशेष हें कीं, ती उंबऱ्याशीं थांबली नाहीं.

वसईच्या या पट्टींत समुद्र हांकेच्या अंतरावर, आणि तरीहि विहिरींना गोडें पाणी, हें आपल्या पूर्वजांच्या शहाणपणाचें फळ होय. त्यांनीं वाड्यांलगत बावखलें राखलीं. पावसाचें पाणी बावखलांत साठे, हळूहळू जमिनींत मुरे, आणि त्या गोड्या पाण्याच्या दाबानें समुद्राचें खारें पाणी मागें राही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इमारतींचें पेव फुटलें. विहिरी उपसून टँकर भरले जाऊं लागले, बावखलांत भराव पडूं लागला, पाणी मचूळ झालें, केळींचीं पानें कडेनें करपूं लागलीं. तेव्हां फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसईची चळवळ उभी राहिली, आणि डोक्यावर पदर घेऊन मावशीहि मोर्चांत चालूं लागली.

पुष्कळांस तें रुचलें नाहीं. "बाईमाणसाचें कचेरींत काय काम? देवळांत प्रार्थना करावी," असें ते म्हणत. मावशीचें उत्तर एकच असे : "तहानलेल्याला पाणी देणें हें पुण्य, तर मग विहीर राखणें हें पाप कसें?" पोप १३ वे लिओ यांनीं १८९१ सालीं श्रमिकांच्या हक्कांविषयीं आपलें प्रसिद्ध परिपत्रक काढलें. चौथीपुढें न शिकलेल्या मावशीनें तें वाचलें नव्हतें. परंतु दया आणि न्याय हीं एकाच आईचीं लेंकरें आहेत, हें तिला पुस्तकावांचून उमगलें होतें.

२००५ सालीं माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. साध्या कागदावर दहा रुपयांचें तिकीट लावून अर्ज करावा, आणि ३० दिवसांच्या आंत उत्तर मिळावें, एवढें तिनें एका शिक्षकाकडून समजून घेतलें. गांवच्या एका बावखलांत भराव पडत होता. तो कोणाच्या परवानगीनें, एवढेंच तिनें विचारलें. अशी परवानगी दिलेलीच नाहीं, असें उत्तर आलें. तो कागद पदरांत बांधून तिनें किती खेपा घातल्या याची गणती नाहीं. पण अखेरीस भराव थांबला. अर्धें बावखल गेलें तें गेलेंच; अर्धें राहिलें. त्यानंतर रविवारच्या मिस्सानंतर ती बायकांना सातबाऱ्याचा उतारा वाचावयास शिकवी. "ज्याला आपला सातबारा वाचतां येत नाहीं, त्याची वाडी दुसरा वाचतो," असें ती म्हणे.

जुलै २०१८ मध्यें अतिवृष्टीनें वसई जलमय झाली, तेव्हां मावशीनें ऐंशी ओलांडली होती. शेजारच्या इमारतींच्या तळमजल्यांत पाणी शिरलें. याच इमारतींविरुद्ध ती एके काळीं मोर्चांत चालली होती. तेथील बायकामुलांना तिनें आपल्या ओटीवर आणि माजघरांत घेतलें, आणि स्वतः चुलीपुढें बसून खिचडी शिजवली. कोणी तरी टोमणा मारलाच. त्यावर ती म्हणाली, "आपलें भांडण भरावाशीं होतें, माणसांशीं नव्हतें. दारीं आलेल्याला त्याचा गांव विचारूं नये." त्यांच्यांतील कित्येक कुटुंबें परक्या प्रांतांतलीं आणि परधर्माचीं होतीं. तिच्या अंत्यविधीस तीं सर्व आलीं आणि देवळाबाहेर पावसांत उभीं राहिलीं.

बंधुभगिनींनो, मावशीची तसबीर सभागृहांत लावावी अशी सूचना पुढें आली आहे. सूचना करणाऱ्यांचे आम्ही ऋणी आहोंत. परंतु तिला स्वतःला काय आवडलें असतें, तें सांगणें आमचें कर्तव्य आहे. राहिलेलें अर्धें बावखल ती दर वर्षीं पावसापूर्वीं बायका-पोरें जमवून उपसून घेत असे. ती गेल्यापासून तें काम झालेलें नाहीं. गाळ चढला आहे, जलपर्णी माजली आहे, आणि कांठावर पुन्हां डबर येऊन पडूं लागलें आहे. रिकाम्या, दुर्लक्षित जागेवर भराव टाकावयास कोणाला धीर लागत नाहीं.

म्हणून आमची विनंति अशी कीं, येत्या मे महिन्यांतील एका रविवारीं मिस्सानंतर घरटीं एका माणसानें फावडें-घमेलें घेऊन बावखलावर यावें. आणि इमारतींतील शेजाऱ्यांनाहि बोलवावें, कारण जमिनीखालचें पाणी त्यांचें आणि आपलें एकच आहे. तसबीर भिंतीवर राहील. पाणी विहिरींत राहिलें पाहिजे.

दयाघन परमेश्वर मावशीच्या आत्म्यास चिरशांति देवो, आणि तिनें अर्धें ठेवलेलें काम पुरें करण्याची बुद्धि आपणां सर्वांस देवो.