लिटरभर आईस्क्रीमचं वजन किती?

माप आणि वजन यांतला फरक भोर-वेल्ह्याच्या माणसाला मी वेगळा सांगायला नको. रोहिड खोरं असो की गुंजण मावळ, चार शेरांची पायली घरोघरी होती. भाताची पायली आणि सडलेल्या तांदळाची पायली वजनाला सारखी भरत नाही, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. तूस आणि दाण्यांमधली पोकळी मापात जागा अडवतात, तराजूत मात्र त्यांचा भार फारसा पडत नाही. १९५६च्या कायद्यानं पायली-शेर बाजारातून हटवले, किलो आले. आईस्क्रीम घेताना मात्र आपण अजूनही मापालाच भुलतो.

दुधापासून सुरुवात करू. एक लिटर दुधाचं वजन साधारण १ किलो ३० ग्रॅम. लिटर आणि किलो इथं जवळजवळ हातात हात घालून चालतात. दूध, साखर, साय, दूध पावडर एकत्र केलेलं आईस्क्रीमचं मिश्रण आणखी जड, लिटरला सुमारे १ किलो १०० ग्रॅम. पण यंत्रात गोठताना ते घुसळलं जातं, त्यात हवा शिरते आणि त्याचं आकारमान वाढतं. या वाढीला कारखान्यात ‘ओव्हररन’ म्हणतात. हवा ही भेसळ नव्हे, हे आधी स्पष्ट सांगतो. ती नसेल तर चमचा रुतणार नाही, जिभेला नुसता बर्फ लागेल. प्रश्न आहे तो प्रमाणाचा.

आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार एक लिटर आईस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम असावं लागतं. मध्यम आणि कमी स्निग्धांशाच्या प्रकारांना ४७५ ग्रॅम चालतं. म्हणजे एका लिटर मिश्रणाचं दोन लिटरहून थोडं अधिक आईस्क्रीम करणं कायद्यात बसतं. चार लिटरचा डबा दोन किलो शंभर ग्रॅम भरला, तरी तो नियमातच असतो.

आता एक हिशेब मांडतो, तो नीट ऐका. नियमानुसार आईस्क्रीममध्ये वजनाच्या किमान १० टक्के दुधाचा स्निग्धांश हवा. ५२५ ग्रॅमचे १० टक्के म्हणजे साडेबावन्न ग्रॅम. वेल्ह्याच्या एखाद्या वाडीतून ६ फॅटचं म्हशीचं दूध केंद्रावर येतं, त्याच्या एका लिटरात जवळपास ६२ ग्रॅम स्निग्धांश असतो. किमान नियमातल्या लिटरभर आईस्क्रीमपेक्षा लिटरभर दुधातच तो जास्त! या दुधाची फॅट एका पॉइंटनं घसरली तरी शेतकऱ्याचा दर कापला जातो. त्याच्या दुधाला दशांशापर्यंतची परीक्षा, आणि तेच दूध आईस्क्रीम होऊन परत आलं की नुसतं लिटरचं माप. ही विषमता मला सलते.

पॉटमध्ये, बर्फ-मिठात हातानं फिरवलेल्या आईस्क्रीमात हवा कमी शिरते, म्हणून तेवढीच वाटी हाताला जड लागते. साच्यात गोठवलेल्या कुल्फीत हवा घोटलेलीच नसते. तिचं लिटरचं वजन किलोच्या आसपास जातं. म्हणून एका आईस्क्रीमचा आकडा दुसऱ्याला लावू नका. घरीच तपासायचं तर काटा शून्यावर आणून रिकामी वाटी ठेवा, मग काठोकाठ भरून ठेवा. वजनातला फरक वाटीच्या मिलिलिटरनं भागला की एका मिलिलिटरचे ग्रॅम मिळतात. ०.५३ आलं तर हवा भरपूर, ०.८ आलं तर माल घट्ट. रेसिपीत ३०० ग्रॅम लिहिलं असेल, तर पहिल्या आईस्क्रीमचे सुमारे ५६५ मिलिलिटर लागतील, दुसऱ्याचे ३७५.

पावसाळ्यात वीज तासन्‌तास गेली, आईस्क्रीम वितळलं आणि पुन्हा गोठलं, तर डब्यातली पातळी खाली गेलेली दिसते. माल चोरीला गेलेला नसतो, हवा निघून गेलेली असते. वजन तेवढंच राहतं, पोत मात्र परत येत नाही.

काही डब्यांवर आता मिलिलिटर आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतात. लग्नसराईत आईस्क्रीमची ऑर्डर देताना ‘किती लिटर’ एवढ्यावर थांबू नका, लिटरला किती ग्रॅम भरतं ते विचारा आणि दोन दुकानांचे दर ग्रॅममागे ताडून बघा.