मींड, घिस्सा आणि भाड्याचा कीबोर्ड

१९९६च्या दहावीच्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला ‘तंत्रज्ञान आणि आपण’ असा विषय दिला होता. त्यावर मी रोज ऑफिसात बोलते, म्हणून आज त्याला सुट्टी. मी एका रेकॉर्डबद्दल बोलणार आहे, आणि तिच्या निमित्तानं आपल्या गॅदरिंगमधल्या एका फजितीबद्दल. ती फजिती माझ्यामुळे झाली होती.

नववीचं गॅदरिंग आठवा. आपल्या संगमनेरचेच कवी म्हणून सरांनी अनंत फंदींचा फटका बसवला होता. पेटी, ढोलकी, टाळ आणि पाच जणींचा कोरस. त्याच वर्षी आम्हाला कळलं की ऑर्केस्ट्रावाल्याकडून कॅसिओ भाड्यानं मिळतो. लगेच वर्गणी काढली. जत्रेतल्या तमाशाच्या फडातसुद्धा तोवर ढोलकीशेजारी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड येऊन बसले होते, मग आपणच का मागं राहायचं? त्या कॅसिओवर ‘डिस्को’ असं बटण होतं. दाबलं की ठेका आपोआप सुरू.

शेवटच्या तालमीनंतर मी आपल्या ढोलकीवाल्याला सांगितलं, “उद्या तू नाही आलास तरी चालेल.” तेव्हा मुलं-मुली एकमेकांशी फारसं बोलतही नसू, बोलले ते नेमकं हेच. तो काही म्हणाला नाही. ढोलकीला गवसणी घातली, सायकलला अडकवली आणि गेला.

पुढचं तुम्ही पाहिलंयच. दुसऱ्या कडव्यात गाणारी अडखळली. ढोलकी असती तर ती तिथंच घुटमळली असती, गाणारीला ओळ आठवेपर्यंत दोन आवर्तनं खेळवत राहिली असती. मशीन कुठलं थांबतंय! ते पुढं, आम्ही मागं, आणि मला बंद करायचं बटण सापडेना. सगळं मैदान हसलं. तो विंगेत उभा होता. तो मात्र हसला नाही.

आता रेकॉर्ड. २०११च्या सुमारास पुण्यात ऑफिसमधल्या एका मुलानं मला हेडफोन दिला आणि म्हणाला, ओळखा कधीचं आहे. सिंथेसायझरवर भैरव, खाली यंत्राचा ठेका, मागं तंबोऱ्यासारखा धरलेला सूर. मी म्हटलं, याच वर्षीचं असेल. ते निघालं १९८२चं! एचएमव्हीनं काढलेली ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’, वादक चरणजित सिंग. मुंबईच्या हिंदी सिनेमासंगीतातले वादक. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन यांच्या रेकॉर्डिंगला बसणारे, श्रेयनामावलीत सहसा न दिसणारे. तेव्हा सिनेमात सगळीकडे डिस्को चाललं होतं. यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं जमवली आणि भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग एकट्यानं वाजवले. तीन यंत्रं आणि एक माणूस, एवढाच बँड.

त्यातलं टीबी-३०३ हे यंत्र माझ्या विशेष प्रेमातलं. गिटारवाल्याला एकट्यानं सराव करताना साथीला बास गिटार हवी, म्हणून ते बनवलेलं. बास गिटारसारखं ते अजिबात वाजायचं नाही. १९८४ मध्ये कंपनीनं उत्पादन बंद केलं. त्यात सोळा खण असतात. एकेका खणात एकेक सूर भरायचा, की यंत्र ते फिरून फिरून वाजवतं. सोळा मात्रांचा तीनतालच म्हणा ना. पण त्यात आणखी एक सोय होती : एका खणातून दुसऱ्यात जाताना सूर तुटू न देता घसरत न्यायचा. म्हणजे मींड. बनवणाऱ्यांनी काही रागासाठी ती ठेवली नव्हती. पण ज्याच्या कानात राग होता त्याला त्या खणाखणांच्या डब्यात नेमकी तीच फट दिसली.

रेकॉर्ड चालली नाही. पुढं १९८७ मध्ये शिकागोच्या पोरांनी हेच यंत्र पिळून ‘ॲसिड हाऊस’ काढलं. मग चरणजित यांची रेकॉर्ड एका डच संग्राहकाला दिल्लीत सापडली, २०१० मध्ये पुन्हा निघाली, आणि जग म्हणालं, अरे, हे तर आधीच मुंबईत झालंय! काहींना ती कुणीतरी केलेली थट्टाच वाटली. ‘ॲसिड हाऊसचे जनक’ ही पदवी मला पटत नाही. त्यांना शिकागोचं काही सिद्ध करायचं नव्हतं, यमन वाजवायचा होता. उतारवयात ते युरोपात जाऊन हे कार्यक्रम करून आले. २०१५ मध्ये गेले.

याच सुमाराला लंडनमध्ये ‘जपान’ नावाचा बँड होता. १९७८ मध्ये आले तेव्हा दुसऱ्यांची नक्कल करत होते. पुढं सिंथेसायझरची लाट आली, तेही त्यात उतरले. पण त्यांचा बासवाला, मिक कार्न, पडदे नसलेली बास गिटार वाजवायचा. पडदे नाहीत म्हणजे सूर घसरणारच. ‘टिन ड्रम’ हा १९८१चा अल्बम ऐका : यंत्रं तीच, जी तेव्हा सगळ्यांकडे होती, पण आवाज दुसऱ्या कुणाचा वाटत नाही. आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं ‘घोस्ट्स’ हे गाणं, नाचाच्या त्या जमान्यात, ढोलताशाच्या ठेक्याशिवाय आहे! १९८२ संपता संपता बँडच मोडला, ते सोडा.

हे ऐकताना मला राहून राहून आपल्या ढोलकीतला घिस्सा आठवायचा. तळहात चामड्यावर दाबून सरकवला की खालचा आवाज कसा वर चढतो! तेच ते घसरणं. ते माझ्यापासून चार फुटांवर होतं आणि मी त्याला घरी पाठवलं, कारण माझ्याकडे बटण होतं. खरं तर दोन्ही एकत्र वाजवता आलं असतं. ते मला सुचलंच नाही.

तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय. हा माइक आणि हे स्पीकर त्याचेच आहेत, म्हणून तर आवाज इतका स्वच्छ येतोय. अरे, तीस वर्षं उशीर झाला, पण माझं चुकलं.

मी गेले दोन महिने रात्री बसून लॅपटॉपवर एक प्रोग्राम लिहिलाय. माइकमधून ढोलकीची थाप ऐकली की यंत्र एक खण पुढं सरकतं. थाप पडली नाही तर ते जागच्या जागी थांबून राहतं, कितीही वेळ. घरी मी टेबलावर वाजवून पाहिलंय. माझा हात तालात नाही, त्यामुळे यंत्राचे फार हाल झाले. ढोलकी गाडीत आहे, असं त्याच्या मुलीनं मला मघाशी हळूच सांगितलंय. सर, पेटी तुमच्याकडे. जेवणाची पानं मांडायला अजून पंधरा मिनिटं आहेत.