निकडीचे काम आणि महत्त्वाचे काम
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्यात नोकरदार आहेत, दुकानदार आहेत, शिक्षक आहेत. व्यवसाय निराळे असले तरी तक्रार एकच ऐकू येते : दिवसभर राबूनही खरे काम हातून होत नाही. या तक्रारीचे मूळ कोठे आहे, ते आज पाहू या.

अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १९५४ साली इव्हॅन्स्टन येथील भाषणात एका माजी महाविद्यालयप्रमुखाचा विचार सांगितला होता. त्याचा आशय असा की, निकडीच्या गोष्टी महत्त्वाच्या नसतात आणि महत्त्वाच्या गोष्टी कधीच निकडीच्या नसतात.

दुकानदाराचेच उदाहरण घ्या. गिऱ्हाईक समोर उभे असते. ते थांबत नाही. उधारीची खतावणी मात्र कपाटात पडून असते. ती हाक मारीत नाही. सहा महिने ती कोणी उघडली नाही, तरी दुकान गजबजलेलेच दिसते. मग एके दिवशी घाऊक व्यापाऱ्याचे देणे भागविण्यास गल्ल्यात पैसा नसतो. उपेक्षिलेले महत्त्वाचे काम निकडीचे होऊनच परत येते, आणि येताना व्याज घेऊन येते.

नोकरदार म्हणतील, “आमचा वेळ आमच्या हाती कोठे आहे? वरिष्ठ सांगतील ते करावयाचे.” हा आक्षेप खरा आहे. परंतु दोन कामे एकदम आली असता, “यांतील आधी कोणते करू?” असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. न विचारता दोन्ही अर्धवट ठेवल्यानेच माणसाचे नाव जाते. आणि खात्याच्या परीक्षेचा अभ्यास? तो न केल्याबद्दल आज कोणी जाब विचारीत नाही. बढतीची यादी लागली म्हणजे उत्तर मिळते.

जे व्यक्तीचे, तेच संस्थेचे. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात एक काल्पनिक समिती रंगविली आहे. ती १ कोटी पौंडांच्या अणुभट्टीचा ठराव अडीच मिनिटांत संमत करते आणि ३५० पौंडांच्या सायकलींच्या छपरावर पाऊण तास वाद घालते. कारण अणुभट्टी थोड्यांस समजते, छप्पर सर्वांस!

आपल्या सभांकडेही याच दृष्टीने पाहावे. भोजनात जिलबी असावी की श्रीखंड, यावर प्रत्येकास मत असते. शिष्यवृत्तीच्या निधीचा विषय येईपर्यंत मंडळी उठू लागतात. वाढपात उणे राहिले तर तक्रार त्याच पंगतीत कानी येते. फीवाचून ज्याचे शिक्षण थांबले, तो मुलगा मात्र सभेत येऊन तक्रार करीत नाही. त्याचे मौन हे त्याचे काम कमी महत्त्वाचे असल्याचे लक्षण समजू नये.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येकाने दिवसाचा पहिला तास, निदान अर्धा तास, ज्या कामाचा तगादा कोणी लावीत नाही त्यास द्यावा. तेवढा वेळ मोबाईलही दूर ठेवावा. आणि आपल्या कार्यकारी मंडळाने पुढील सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत शिष्यवृत्तीचा विषय पहिला व भोजनाचा शेवटचा ठेवावा. भोजन काही उपाशी ठेवणार नाही, याची मला खात्री आहे.