पहिली मोटार

एके काळी या देशात मोटार निवडण्याचा प्रश्न फारसा उद्भवतच नसे. १९६०च्या दशकात उत्तरपाड्याची अँबेसडर, मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड या तिघींच्या पलीकडे सामान्य गिऱ्हाइकाची दृष्टी जाण्याचे कारण नव्हते. त्यांतल्या एकीसाठी नाव नोंदवावे आणि पुढे वर्षानुवर्षे वाट पाहावी, एवढेच गृहस्थाच्या हाती असे. पुढे १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली देण्यात आली आणि ७९६ घनसेंटिमीटरच्या एका चिमुकल्या इंजिनाने नोकरदार माणसाच्या मनात मोटारीची आशा रुजवली. योगायोग असा की, अँबेसडर आणि मारुती ८०० या दोन्ही गाड्यांचे उत्पादन एकाच वर्षी, २०१४ साली थांबले. आज प्रतीक्षेचे दुःख बरेच ओसरले आहे. त्याच्या जागी निवडीचे दुःख आले आहे.

हे दुःख पाहायचे असेल तर पुण्याच्या कोथरुडात राहणाऱ्या आणि नोकरीसाठी रोज हिंजवडीला जाणाऱ्या एखाद्या गृहस्थाच्या घरी रविवारी सकाळी डोकवावे. टेबलावर चार-पाच कंपन्यांची रंगीत पत्रके पसरलेली असतात. प्रत्येक पत्रकावर गाडी डोंगरमाथ्यावर उभी आहे, मागे ढग आहेत आणि दूरवर दुसरे वाहन म्हणून दिसत नाही. गृहस्थ ते चित्र पाहतो आणि महाबळेश्वरचा घाट, कोकणातला सागरकिनारा, दिवाळीत गावी होणारे स्वागत, या साऱ्यांची त्याला आठवण होते. पत्रकातल्या गाडीची उंची, रुंदी आणि रुबाब हे सारे त्या वर्षातल्या पाच दिवसांसाठी आहे. उरलेले तीनशे दिवस गाडी ज्या रस्त्याने जाणार, तो चांदणी चौकाचा रस्ता पत्रकात कोठेच नसतो.

अशा वेळी घरातली स्त्री चहाचा पेला पुढे ठेवीत विचारते, “अहो, पण ही उभी कुठे करणार?”

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. वस्तुतः तो सर्वांत आधीचा आहे. जुन्या सोसायटीत वाहनासाठी आखून दिलेली जागा दोन खांबांच्या मध्ये असते आणि तिचे माप फितीने घेतल्यावाचून कळत नाही. गाडीची रुंदी पत्रकात दिलेली असते, परंतु दोन्ही बाजूंचे आरसे तीत बहुधा धरलेले नसतात आणि दार उघडून माणसाने बाहेर पडायला लागणारे हातभर अंतर तर कोणीच धरीत नाही. चार मीटरांच्या आत लांबी असलेल्या छोट्या गाड्यांना २००६ सालापासून सरकारने करात सवलत दिली, त्यामुळे बाजारात त्याच लांबीच्या गाड्यांची दाटी झाली आहे. मात्र लांबी आखडली तरी रुंदी वर्षागणिक वाढतच गेली. मारुती ८०० ज्या खांबांमधून सहज आत शिरे, तेथे आजची तथाकथित छोटी गाडीही अंग चोरून शिरते.

यानंतर काटकसरीचा विचार. येथे बहुतेक लोक एका लिटरला किती किलोमीटर, या एकाच आकड्यावर विसंबतात. हा आकडा प्रयोगशाळेत चाके रुळांवर फिरवून, ठरावीक वेगाच्या ठरावीक क्रमाने आणि वातानुकूलन यंत्र बंद ठेवून काढलेला असतो. दोन गाड्यांची तुलना करण्यास तो चांगला. महिन्याचे अंदाजपत्रक मांडण्यास नव्हे. अर्धा तास एकाच पुलावर खोळंबलेल्या गाडीचे इंजिन पेट्रोल पीत असते आणि किलोमीटर मात्र शून्य असतात, ही गोष्ट प्रयोगशाळेला पुरती ठाऊक नसते.

खरा हिशेब इंधनापेक्षाही अंतराचा आहे. समजा, पेट्रोलची गाडी प्रत्यक्ष रहदारीत लिटरला १६ किलोमीटर जाते आणि पेट्रोल शंभर रुपये लिटर आहे. म्हणजे किलोमीटरला सव्वासहा रुपये पडले. तीच गाडी सी.एन.जी.वर किलोला २४ किलोमीटर जाते आणि वायूचा भाव नव्वद रुपये किलो आहे. म्हणजे पावणेचार रुपये पडले. किलोमीटरमागे अडीच रुपये वाचले. आता सी.एन.जी.ची गाडी नव्वद हजारांनी महाग आहे असे धरू. आपल्या कोथरुडच्या गृहस्थाचे जाऊन-येऊन ४० किलोमीटर होतात. महिन्याचे २५ दिवस धरले तर वर्षाला १२,००० किलोमीटर आणि बचत ३०,००० रुपये. तीन वर्षांत जादा दिलेले पैसे वसूल झाले. पण बडोद्याला राहणारे त्याचे मेव्हणे कचेरीपासून सहाच किलोमीटरांवर राहतात. त्यांची वर्षाची धाव ३,६०० किलोमीटरांची आणि बचत ९,००० रुपयांची. त्यांना तेच नव्वद हजार परत मिळायला दहा वर्षे लागतील आणि तोपर्यंत सामान ठेवण्याच्या जागेत टाकी वागवावी लागेल, पंपावर रांगेत उभे राहावे लागेल, दर तीन वर्षांनी त्या टाकीची दाबचाचणी करून घ्यावी लागेल. मेव्हण्यांचे पाहून मेव्हण्याने गाडी घेऊ नये, असे म्हणतात ते उगीच नव्हे. अर्थात असे कोणी म्हणत नाही. पण म्हणायला हवे.

डिझेलविषयी अधिक बोलण्याची आता गरज उरलेली नाही. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहाचे धुराचे निकष आले, तेव्हापासून छोट्या गाड्यांतून डिझेल जवळजवळ हद्दपार झाले. आजच्या डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते आणि ती साफ होण्यासाठी गाडी मधूनमधून लांब व सलग पळावी लागते. रोज चार-सहा किलोमीटर हळूहळू जाणाऱ्याच्या गाडीत ती गाळणी तुंबते. विजेच्या गाडीचे याच्या उलट आहे. ठरलेले अंतर, ठरलेली वेळ आणि रात्री घरी मुक्काम, हे तिला मानवते. मात्र रात्री तिच्या जागेपर्यंत स्वतःच्या मीटरवरची वीज नेण्याची परवानगी सोसायटीकडून आधी मिळवावी, मग गाडी पाहायला जावे.

आता सुखसोय. दुकानात शिरल्यावर विक्रेता आधी मोठा पडदा, छताची काच आणि रंगीत दिवे दाखवितो. दीड तास रहदारीत बसणाऱ्याचे सुख याहून निराळ्या ठिकाणी असते. ते डाव्या पायात असते. थांबत-सरकत जाताना क्लच किती वेळा दाबावा लागतो, हे एकदा मोजून पाहावे. म्हणजे स्वयंचलित गिअरसाठी थोडे अधिक पैसे देण्याला चैन म्हणायचे की गरज, याचा निर्णय आपोआप होतो. २०१४ सालापासून आपल्याकडे छोट्या गाड्यांतही यंत्राने क्लच दाबणारे स्वस्त गिअर मिळू लागले. ते बदलताना किंचित हिसका देतात, पण पायाला विश्रांती मिळते. बैठकीची उंची हीही तितकीच महत्त्वाची. फार खाली बसावे लागले तर म्हाताऱ्या माणसाला उठवत नाही. फार उंच असली तर त्याला चढवत नाही.

एक खर्च मात्र काटकसरीच्या नावाखाली वाचवू नये. २०१४ साली ग्लोबल एन-कॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटरांच्या वेगाने आदळवून पाहिल्या, तेव्हा प्रौढ प्रवाशांच्या रक्षणासाठी एकीलाही एकसुद्धा तारा मिळाला नाही. त्यानंतर कायदे कडक झाले आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एन-कॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. ती ऐच्छिक आहे; म्हणून पाहत असलेल्या गाडीने ती दिली आहे काय आणि दिली असल्यास किती तारे मिळविले, हे विचारणे गिऱ्हाइकाच्याच अंगावर येते. मागच्या आसनावर बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा लागतो, हे घरी येऊन सांगणेही त्याच्याच अंगावर येते.

बदलीच्या नोकरीतील मराठी कुटुंबांना आणखी एक चिंता असते. आज नागपूर, उद्या भोपाळ, परवा बंगळूर असे ज्यांचे आयुष्य आहे, त्यांनी गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर तेथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि तेथला कर भरावा लागतो. पहिल्या राज्यातला कर परत मिळवण्याच्या खेपा निराळ्याच. सरकारी व संरक्षण खात्यातील नोकरांसाठी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खाजगी कंपन्यांतील नोकरांसाठी, २०२१ साली ‘बीएच’ या अक्षरांची नोंदणीमालिका सुरू झाली. तीत कर दोन-दोन वर्षांचा भरता येतो आणि राज्य बदलले तरी क्रमांक बदलत नाही. गाडी घेतानाच हे विचारले नाही, तर विक्रेता ते आपण होऊन सांगेलच असे नाही.

कोथरुडच्या गृहस्थाने अखेर पत्रके बाजूला सारली आणि चाचणीसाठी गाडी सोमवारी सकाळी नऊ वाजता मागितली. विक्रेत्याने रविवारची वेळ सुचविली, रस्ते मोकळे असतात म्हणून. गृहस्थ सोमवारवरच अडून राहिला. मागे त्याची आई बसली होती. पहिली गाडी उंच, रुबाबदार, त्याच्या मनात भरलेली. आईने दाराला धरून एक पाय वर टाकला आणि दुसरा उचलताना ती थांबली. “अरे, चढेन मी. हळूहळू चढेन,” ती म्हणाली. दुसरी गाडी एक लाखाने स्वस्त आणि बोटभर ठेंगणी होती. तीत ती आधी टेकली आणि मग पाय आत घेतले. तिने काही म्हटले नाही. चांदणी चौकापर्यंत जायला चाळीस मिनिटे लागली. परत आल्यावर गृहस्थाने फीत काढून दोन खांबांमधले अंतर पुन्हा एकदा मोजले. डाव्या बाजूला वीतभर जागा उरत होती. तेव्हा आईने गाडी आत घेण्यापूर्वीच फाटकाशी उतरायचे, असे ठरले.