हसऱ्या गुरूचे स्मरण
(मंगळवेढे येथे श्रीनामदेव पुण्यतिथीच्या मेळाव्यात झालेले भाषण)



आषाढ वद्य त्रयोदशीच्या या पुण्यदिवशी चार शब्द बोलण्याची आज्ञा आपण आम्हांस केली, याबद्दल आम्ही आपले ऋणी आहो. श्रीनामदेवरायांचे चरित्र आपणां सर्वांस पाठ आहे. दामाशेटी आणि गोणाई, राजाई आणि जनाबाई ही नावे आपल्या घरातील माणसांसारखी आपल्या तोंडी असतात. त्यामुळे चरित्र सांगत बसण्याचे कारण नाही. नामदेवरायांच्या एकाच गुणाविषयी बोलावे असे आम्ही ठरविले आहे, आणि तो गुण म्हणजे त्यांचा खेळकरपणा.

पंढरपूर हे यात्रेचे गाव. आल्यागेल्यावर चालणाऱ्या गावाचा एक स्वभाव असतो. बुक्का, चुरमुरे, दक्षिणा, बिऱ्हाडाचे भाडे यांच्या हिशेबात देव कोठे तरी मागे राहतो आणि येणारा माणूसही कपाळाला आठ्या घालून नवसाचे देणे फेडून जातो. अशा गावात नामदेवरायांनी देवाला खेळगडी केले. लहानपणी ते नैवेद्य घेऊन देवापुढे हटून बसले आणि देवाला जेवावयास लावले. पुढे कुत्रा भाकरी घेऊन पळाला, तेव्हा ती कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन ते त्याच्या मागे धावले. या कथा आपण भक्तीचे दाखले म्हणून ऐकतो. पण क्षणभर ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. पुढे कुत्रा, मागे वाटी सांभाळीत धावणारा साधुपुरुष, आणि बाजारातली पोरे टाळ्या पिटीत आहेत! हसू आल्यावाचून राहील काय? ते हसू यावे, अशीच ती कथा आहे.

त्यांच्या गाथ्यातील बाळक्रीडेचे अभंग वाचावे, म्हणजे गोकुळातील पोरांचे रुसवेफुगवे आणि खोड्या त्यांना किती जवळच्या होत्या हे कळते. वारकरी कीर्तनाची परंपरा त्यांनाच आपला आद्य कीर्तनकार मानते. टाळमृदंगाच्या नादात नाचणे, पावली धरणे, फुगडी घालणे, आणि शेवटी गोपाळकाला करून एकमेकांच्या तोंडी घास घालणे, हा आनंद ज्याने पाहिला आहे त्याला निराळे सांगावयास नको. आषाढी पौर्णिमेस पालख्या गोपाळपुरी जातात, त्या काल्यात म्हातारी माणसेही पोरे होतात.

असा माणूस दुसऱ्यास शिकविणार तो कसा? दरडावून खास नव्हे. गोरोबाकाकांनी थापटणे डोक्यावर मारून त्यांना कच्चे मडके ठरविले, तेव्हा त्यांना राग आला. पण तो गिळून ते विसोबा खेचरांना शरण गेले. आपण कच्चे होतो हे न लपविणारा माणूसच पुढे गुरू शोभतो. त्यांच्या घरातली माणसे अभंग रचू लागली आणि घरात दळणकांडण करणारी जनाबाईही रचू लागली. जनाबाईचा देव तर तिला दळू लागतो. घरात मोकळे हसू असल्यावाचून असा देव सुचत नाही, असे आमचे मत आहे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही उभे राहिलो, तिच्याकडे येतो. हा हसरा माणूस देवळाबाहेर काढला गेला होता. पंजाबात घुमानपर्यंत त्यांची कीर्ती गेली, शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत, आणि 2015 साली त्या घुमान गावी मराठी साहित्य संमेलनही भरले, याचा आपण रास्त अभिमान बाळगतो. त्याच ग्रंथातील एका पदात ते सांगतात की हसऱ्या, खेळकर मनाने आपण देवळात आलो होतो, आणि हीन जातीचा म्हणून आपल्याला भजनातून उठवून बाहेर काढले. मग देऊळच फिरले, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. त्याआधीचे ते उठविणे मात्र आपण भरभर सांगून टाकतो.

हे सोसलेल्या माणसाने चोखोबांना शिष्य केले. चोखोबा महाद्वाराबाहेर उभे राहत. 1338 साली या आपल्या मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असता कूस कोसळले, आणि त्याखाली मजुरांबरोबर चोखोबाही गेले. परंपरेने नामदेवरायांचा जन्म 1270 चा धरला तर त्या वेळी त्यांचे वय 68 होते. त्या वयात ते पंढरीहून येथे आले. कोसळलेल्या दगडमातीत एकेक हाड उचलून कानाशी धरावे आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू येईल ते आपल्या शिष्याचे म्हणून ओळखावे, अशी ती कथा आहे. अस्थी त्यांनी पंढरपुरास नेल्या आणि महाद्वारापुढे समाधी बांधविली. बारा वर्षांनी स्वतःसाठीही त्यांनी तेथलीच जागा निवडली. गाभारा नव्हे, पायरी! मरणानंतरही शिष्याचा शेजार त्यांनी सोडला नाही. त्या देवळाचे दार चोखोबांच्या जातीला उघडण्यासाठी साने गुरुजींना मे 1947 मध्ये उपोषणास बसावे लागले, तोवर सहाशेहून अधिक वर्षे लोटली होती.

सभ्य हो, आमच्या लहानपणची एक गोष्ट सांगितल्यावाचून हे भाषण पुरे होणार नाही. आमच्या आळीत सप्ताह होता. काल्याची हंडी फुटली आणि आम्ही पोरे दहीलाह्यांवर तुटून पडलो. गल्लीच्या तोंडाशी वेशीबाहेरची तीनचार मुले उभी होती. त्यांतला एक आमच्याच वर्गातला. त्याने हात पुढे केला. आमच्या मुठीत काला होता. मागून कोणी तरी मोठे माणूस खेकसले, आणि आम्ही मूठ मिटून घेतली. मोठ्या माणसावर दोष ढकलणे सोपे आहे. पण मूठ आमची होती. त्या मुलाने दुसऱ्या दिवशी शाळेत आम्हांस काही विचारले नाही, आणि आम्हीही काही बोललो नाही. तो वर्गबंधू पुढे कोठे गेला ते कळले नाही.

आज आपला समाज शिकला, व्यापारात स्थिरावला. नामदेवराय आपले, हे आपण फलकावर लिहितो. चोखोबा कोणाचे, असा प्रश्न या गावात तरी उठू नये. म्हणून आम्ही कार्यकारी मंडळास एक विनंती केली होती, आणि थोड्या वादानंतर ती मान्य झाली. उद्याची काल्याची हंडी आवारात न बांधता बाहेर रस्त्यावर बांधली जाईल, आणि येईल त्याने येईल त्याच्या हातचा घास घ्यावयाचा आहे. फुगडीसाठी मंडप मोकळा ठेवला आहे. गुडघे दुखतात ही सबब साठीच्या आतील कोणाचीही चालणार नाही.

दह्याची व्यवस्था आम्ही आमच्याकडे घेतली आहे.