अम्मीची तेलुगू आणि आपल्याला माहीत नसलेला आपला इतिहास



मी साहित्याचा विद्यार्थी नाही. इंजिनिअरिंग केलं आणि हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली. घर सोलापूरचं. अम्मीने तीस वर्षं विड्या वळल्या. शेजारी पद्मशाली कुटुंबं होती, घरात तेलुगू बोलणारी. दुपारी सगळ्या जणी सुपं घेऊन ओट्यावर बसायच्या. हात चालू, तोंडही चालू.

अम्मी पहिल्यांदा हैदराबादला आली, तेव्हा भाजीवाल्या बाईशी अर्धा तास तेलुगूत बोलत उभी राहिली. मी चार वर्षं त्या शहरात होतो, पण भाव विचारण्यापुढे माझी मजल गेली नव्हती. त्या दिवशी मला लाज वाटली. मग मी तेलुगू वाचायला शिकलो. अजूनही अडखळत वाचतो. त्या वाचनाबद्दल आज बोलणार आहे.

एका सहकाऱ्याने मला 'मनकु तेलियनि मन चरित्र' हे पुस्तक दिलं. अर्थ असा, की आपल्याला माहीत नसलेला आपला इतिहास. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने ते १९८६ मध्ये काढलं. १९४६ ते १९५१ या काळात तेलंगणात देशमुखांच्या वेठबिगारीविरुद्ध आणि निजामी राजवटीविरुद्ध शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा झाला. या पुस्तकात त्यातल्या बाया स्वतःच्या तोंडून सांगतात. धोबी समाजातली ऐलम्मा आहे, जिने विसनूरच्या देशमुखाला आपल्या शेतातलं पीक नेऊ दिलं नाही. हैदराबादच्या जमालुन्निसा बाजीही आहेत. लढा मागे घेतल्यावर अनेकींना सांगण्यात आलं, आता घरी जा, संसार करा. ज्या चळवळीने बरोबरीची भाषा केली, तिनेच हे सांगितलं. हा भाग वाचताना मी थांबलो, कारण आपल्याकडच्या बैठकाही मला आठवल्या. चहा कोण करतं आणि ठराव कोण मांडतं, ते तुम्हीच आठवा.

दुसरी गोष्ट. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि तेलंगणा एकाच राज्यात होते. त्या काळाचा इतिहास आपल्याला बहुतेक वेळा मुसलमान विरुद्ध हिंदू असा ऐकवला जातो. रझाकारांचे अत्याचार खरे आहेत, ते झाकायचे नाहीत. पण त्यांच्याविरुद्ध लिहिलं म्हणून १९४८ मध्ये जीव गमावलेला 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान मुसलमानच होता. देशमुखाशी जमिनीसाठी झगडताना मारला गेलेला शेख बंदगी हाही. त्याच्यावर तेलुगूत 'मा भूमि' हे नाटक आलं. पुढे त्याच नावाचा गौतम घोष यांचा तेलुगू सिनेमा निघाला, तो कृष्ण चंदर यांच्या 'जब खेत जागे' या उर्दू कादंबरीवर. हिंदू लेखकाची उर्दू कादंबरी, बंगाली दिग्दर्शक, तेलुगू सिनेमा. कोणती भाषा कोणाच्या मालकीची, हे आता तुम्हीच सांगा.

तिसरी गोष्ट नव्वदच्या दशकातली. १९९३ मध्ये 'नीलि मेघालु' हा स्त्रीवादी कवितांचा संग्रह आला. मग दलित कवी म्हणाले, आमचं दुःख तुमच्या क्रांतीच्या कवितेत मावत नाही. १९९५ मध्ये त्यांचा 'चिक्कनवुतुन्न पाट' आला. मुसलमान कवींचा 'जलजला' १९९८ चा. त्याआधी १९९१ मध्ये खादर मोहिउद्दीन यांनी 'पुट्टुमच्च', म्हणजे जन्मखूण, ही दीर्घ कविता लिहिली होती. जन्मल्यापासून संशयाचा डाग घेऊन फिरणाऱ्या माणसाची ती कविता आहे. भाड्याने घर शोधताना आपलं नाव सांगितल्यावर समोरचा क्षणभर गप्प होतो ना, ती शांतता ज्याला माहीत आहे, त्याला ही कविता समजावून सांगावी लागत नाही.

आणि मग शाहजहाना ही कवयित्री 'नखाब' घेऊन आली. बाहेरच्यांची नजर आणि घरातल्या पुरुषांचा धाक, दोन्हींबद्दल ती बोलते. आपल्याला पहिलं ऐकायला आवडतं. दुसरं ऐकलं की आपण म्हणतो, आत्ता ही वेळ नाही. दोस्तांनो, ती वेळ कधी येणार, हे आजवर कोणी सांगितलेलं नाही.

हे सगळं वाचून मी सोलापूरला गेलो आणि अम्मीसमोर फोन ठेवला. म्हटलं, तुझी गोष्ट सांग. ती म्हणाली, "मेरे पास क्या रखा है बोलने को?" मग दोन तास बोलली. तपासणीत बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे कसे कापले जायचे. त्यावर बायांनी एकदा चार दिवस काम कसं बंद ठेवलं. त्या बैठकीत तेलुगू बायांचं म्हणणं आमच्या गल्लीतल्या बायांना दखनीत कोणी समजावलं? माझ्या अम्मीने. मी तेव्हा दहावीत होतो. चार दिवस घरी भाजी नव्हती, एवढंच मला आठवत होतं.

भाषण करून टाळ्या घ्यायला मी आलेलो नाही. एक काम घेऊन आलोय. घरातल्या एका बाईचं बोलणं रेकॉर्ड करा. तिला विचारून करा. ती दखनीत बोलली तर शुद्ध उर्दू किंवा पुस्तकी मराठी करायला जाऊ नका. नंतर तिला ऐकवा आणि काय ठेवायचं ते तिलाच ठरवू द्या. मधे बोलू नका. मला हे शेवटचंच सगळ्यात अवघड गेलं.