बीपीची गोळी आणि कोलेस्टेरॉलचा आकडा

बीपी आणि कोलेस्टेरॉल अशी दुहेरी तक्रार असलेल्या माणसाच्या हातात रक्ताचा रिपोर्ट आला, की त्याची नजर आधी वाढलेल्या आकड्यावर जाते. मग संशय बीपीच्या गोळीवर! तो अगदीच बिनबुडाचा नसतो.

लघवी वाढवून दाब उतरवणारी थायझाइड गटातली औषधं १९५८पासून वापरात आहेत. मात्रा जास्त असेल तर ती वाईट म्हटलं जाणारं एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड थोडं वाढवतात. प्रोप्रॅनोलॉल, अटेनोलॉल हे जुने बीटा ब्लॉकर ट्रायग्लिसराइड वाढवतात आणि चांगलं म्हटलं जाणारं एचडीएल खाली आणतात. कार्व्हेडिलॉल, नेबिव्होलॉल त्या मानानं सौम्य. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, ॲम्लोडिपिन कोलेस्टेरॉलच्या वाटेला फारसं जातच नाहीत.

डॉक्साझोसिन मात्र दाबाबरोबर कोलेस्टेरॉलही थोडं उतरवतं. दोन्ही दुखणी असलेल्याला आणखी काय हवं?

याचा निकाल ‘ऑलहॅट’ नावाच्या प्रचंड चाचणीनं लावला. १९९४मध्ये उत्तर अमेरिकेत ती सुरू झाली. पंचावन्न वर्षांवरचे, बीपीखेरीज हृदयविकाराचा आणखी एखादा धोका असलेले ४२ हजारांहून अधिक रुग्ण तीत होते. चार औषधांची तुलना होती. २००० साली डॉक्साझोसिनचा गट मुदतीआधीच बंद करावा लागला, कारण क्लोरथॅलिडोन या स्वस्त थायझाइडसदृश गोळीच्या तुलनेत त्या गटात हृदय निकामी होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. रिपोर्ट सुधारला, हृदय नाही.

आणि क्लोरथॅलिडोन? चार वर्षांनी त्या गटाचं सरासरी कोलेस्टेरॉल ॲम्लोडिपिन आणि लिसिनोप्रिल घेणाऱ्यांपेक्षा जेमतेम दोन मिलिग्रॅमनं जास्त होतं. हार्ट अटॅकच्या बाबतीत तिन्ही औषधं सारखीच ठरली. हृदय निकामी होण्यापासून बचाव करण्यात तर ही जुनी गोळी ॲम्लोडिपिनपेक्षा सरस निघाली. तेव्हा केवळ त्या दोन मिलिग्रॅमच्या धास्तीनं कुणी आपल्या मनानं बीपीची गोळी थांबवणं म्हणजे शुद्ध आततायीपणा.

कोलेस्टेरॉलसाठी वेगळं औषध आहेच. ‘ॲस्कॉट’ चाचणीत बीपीच्या दहा हजारांवर रुग्णांपैकी निम्म्यांना रोज १० मिलिग्रॅम अटोर्व्हास्टॅटिन दिलं गेलं. त्यांचं कोलेस्टेरॉल काही फार चढलेलं नव्हतं. तरीही हृदयविकाराचे झटके आणि त्यांतले मृत्यू ३६ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २००३मध्ये प्रसिद्ध झाले.

खरी काळजी घ्यायची ती दोन गोळ्यांच्या जोडीची, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. ॲम्लोडिपिनमुळे सिमव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११मध्ये या जोडीत सिमव्हास्टॅटिनची मर्यादा रोज २० मिलिग्रॅम ठरवली. डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल ही बीपीची औषधं चालू असतील तर १०. अटोर्व्हास्टॅटिनचं ॲम्लोडिपिनशी बरं जमतं, ती दोन्ही एकाच गोळीतही मिळतात.